पोटरीवरची टाच

मु. वडगाव, तालुका चोपडा
वैशाख वद्य पंचमी, शके १८५८

तीर्थस्वरूप झुलालभाऊ,

धाकट्या मंजुळेचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ऊन असं की सकाळीच अंगणात पाय ठेववत नाही. केळीला पाणी पुरत नाही. म्हैस व्यायली, रेडी झाली. सासूबाईंच्या डोळ्यात फूल वाढलंय, आता त्यांना हात धरून न्यावं लागतं. वहिनींचा खोकला गेला का?

तुझं पत्र पोचलं. तुमच्या जळगावच्या व्यायामशाळेत ज्येष्ठात आबांचा सत्कार ठरलाय, शाल आणि चांदीचं कडं द्यायचं आहे, आणि चिटणीस म्हणून तुझी सही आहे, हे सगळं वाचलं. तू लिहितोस, ‘वस्ताद चुडामण यांची कन्या आणि त्यांच्या पट्टशिष्याची पत्नी म्हणून तू चार शब्द बोल. हल्ली बायका सभेत बोलतात.’

मला यायला जमणार नाही. म्हैस नवी व्यायलेली, दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. सासूबाईंचं वर लिहिलंच आहे. पावसाच्या आत वखरणी उरकायची आहे. शिवाय एवढ्या उन्हात मोटारीतून येणं म्हणजे माझं डोकं उठतं.

हे वाचून तुला वाटेल, मंजुळा टाळते आहे. टाळतेच आहे. म्हैस खरी, सासूबाईंचा डोळाही खरा, पण यातलं काही नसतं तरी मी आले नसते. मला किळस आली आहे, भाऊ. बापाबद्दल हा शब्द लिहिताना हात अडखळायला हवा होता. अडखळला नाही.

आबांच्या तालमीतलं ते तेल तुला आठवतं का? बिबा, लसूण आणि कसल्याशा प्राण्याची चरबी, मातीच्या गाडग्यात उकळून काळं केलेलं. पायात गोळा आला की तेच चोळायचं. त्याचा वास माझ्या लग्नाच्या शालूला लागला होता. अंथरुणाला, उशीला, पोरांच्या दुपट्यांना लागला. राखेने घासलं, उन्हात टाकलं, जात नाही. तुमच्या सत्काराचं पत्र उघडलं आणि तोच वास आला. कागदाला वास नव्हता हे मला कळतं. तरी मी उठून मोरीत जाऊन ओकले.

तू धुळं सोडलंस त्यानंतरचं सगळं तुला आबांच्या तोंडून कळलेलं आहे. आता माझ्या तोंडून ऐक. आणि अभिमन हे नाव मी सरळ लिहिणार आहे. नवरा म्हणून ‘हे’ आणि ‘त्यांनी’ लिहीत बसले तर आबा कोणते आणि हे कोणते, तुलाच उमजायचं नाही. वहिनी तोंडाला पदर लावतील. लावू देत.

आबांनी मला अभिमनना दिलं ते घर बघून नाही, मांड्या बघून. लग्नात पाहुणे नवऱ्याचं तोंड बघायचं सोडून त्यांच्या पायांकडे बघत होते. एकाने तर बोटाने पोटरी दाबून पाहिली, बाजारात बैल बघतात तशी. अभिमन हसत होते. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं, पण नव्या नवरीला कसंतरीच होतं असं मावशी म्हणाली.

वडगावला आले तेव्हा चैत्र होता. अभिमन दुपारच्या उन्हात शेतातल्या आंब्याखाली बैठका मारायचे. घाम असा गळायचा की पायाखाली चिखल व्हायचा. आबांचा नियम तुला पाठ आहे: घामात पाणी नाही, आणि जेवणात मीठ नाही. मिठाने अंग सुटतं म्हणे. दूध, तूप, बदाम, अळणी भाकरी. अंग वाळलं की लंगोटावर पांढरी खार धरायची, झटकली की पडायची.

मग गोळे यायला लागले. तू पाहिले आहेस, तरी लिहिते. पोटरीत काहीतरी सरकायचं, चामड्याखाली बेडूक शिरावा तसं. मग ते वर चढून दगड व्हायचं. पाऊल खाली ओढलं जायचं, बोटं वाकडी व्हायची. एवढा मोठा माणूस तोंडात धोतराचा सोगा कोंबून ओरडणं दाबायचा. गडी धावत यायचा आणि चपट्या काठीने पोटरीवर मारायचा, कारण तालमीत तेच शिकवलेलं. वर ते तेल. दुसऱ्या दिवशी पोटरी निळी, आणि तशाच पायाने पुन्हा बैठका.

मी अभिमनना म्हटलं, मीठ खा. ताकात टाकून देते, कुणाला कळायचं नाही. व्यायामाच्या आधी प्या, मधे मधे घोट घ्या. गोळा आलाच तर गुडघा सरळ करायचा, चवडा धरून नडगीकडे ओढायचा आणि धरून ठेवायचा, झटका द्यायचा नाही. सुटेपर्यंत तळव्याने हळूहळू चोळायचं, मारायचं नाही. आणि ऊन उतरल्यावर बैठका घालायच्या.

हे मला कुठून ठाऊक, ते त्यांनी विचारलं नाही. तूही इतक्यात विचारू नकोस.

अभिमननी ऐकलं. नवं लग्न होतं, माझं ऐकायचे ते दिवस होते. पावसाळा आला तोवर गोळे थांबले. पुढच्या उन्हाळ्यातही आले नाहीत. त्या वर्षात अभिमन कुठे हरले नाहीत, हे तुमच्या व्यायामशाळेच्या लोकांनाही माहीत असेल. मी खूश होते. आपण काहीतरी केलं असं वाटत होतं.

मग आबांनी मालेगावकडच्या पहिलवानाशी अभिमनची जोड ठरवली. चैत्राच्या यात्रेत, धुळ्याला पांझरेच्या वाळूत. पाडवा झाला आणि आबा स्वतः अभिमनना न्यायला वडगावला आले. ‘जवाईले तालमीमा लई जास. घरनं अन्न पुरे झालं.’ मी अभिमनच्या गाठोड्यात मिठाची पुडी बांधून दिली. त्यांनी काय करावं? धुळ्याला पोचल्यावर ती पुडी आबांच्या पायाशी ठेवली. ‘वस्ताद, घरून दिली आहे, काय करू?’ म्हणून विचारलं. लबाडी नको म्हणून. हे त्यांनी मला पुढे स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्यांना स्वतःचा अभिमान वाटत होता.

कुस्तीच्या दिवशी मी आणि मावशी नदीकाठच्या एका माडीवर बसलो होतो. खाली वाळू तापून पांढरी झाली होती. हलगी वाजत होती, माणसं झाडांवर चढली होती. अभिमन उतरले तेव्हा मला त्यांचे ओठ दुरूनही दिसले, फुटलेले. आदल्या दिवसापासून आबांनी पाणी तोडलं होतं. अंग हलकं व्हावं म्हणून.

तरी ते वर होते, भाऊ. मालेगावचा पहिलवान खाली होता, अभिमननी कमरेची पकड घेतली होती, आता चीत करणार म्हणून लोक उभे राहिले. तेवढ्यात अभिमनचा डावा पाय ताठ झाला. कुणी काही केलं नव्हतं. पकड सुटली, ते कुशीवर पडले आणि दोन्ही हातांनी पोटरी धरली. मग उजव्या पायातही आला. तो मालेगावचा माणूस भला. त्याने अंगावर झेप घेतली नाही. उठून बाजूला झाला आणि पंचांकडे बघत राहिला.

आबा आखाड्यात आले. डोक्याला गुलाबी फेटा, हातात काठी. ‘ऊठ!’ म्हणाले. अभिमनना उठवेना. आबांनी दोन पोरांना अभिमनचे खांदे दाबायला लावले. त्यांना पालथं केलं आणि डाव्या पोटरीवर, जिथे गोळा वर आला होता तिथे, टाच ठेवली. मग काठीवर जोर घेऊन सगळा भार त्या टाचेवर दिला, आणि वाकून पाऊल उलटं फिरवलं.

मला आवाज ऐकू आला नाही. एवढ्या लांब यायचा नाही. पण अभिमनचं तोंड उघडलेलं दिसलं आणि खालची सगळी गर्दी एकदम मागे सरली ते दिसलं.

आबा गर्दीकडे वळले. ते मात्र ऐकू आलं, आबांचा आवाज तुला ठाऊक आहे. ‘मनी आंडेरनी याले मीठ चारं! पाय मऊ करी टाकात!’

लोक माडीकडे, वस्तादांच्या लेकीकडे बघू लागले. मावशीने मला खाली बसवलं आणि स्वतः माझ्यापासून सरकून बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटरी चाचपली. आतलं मांस फाटलंय म्हणाले, ते शिवता येत नाही. कशाने झालं ते ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. ‘सावलीत घेऊन पाय सरळ केला असता, मीठ-पाणी दिलं असतं, तर हा माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेला असता,’ म्हणाले. आबा दारातच होते. त्यांनी तिथेच दवाखान्याच्या पायरीवर पचकन थुंकून ‘पुस्तकं वाचीसन कुस्ती येत नही’ म्हटलं आणि निघून गेले. आणि अभिमन, पाय लाकडासारखा सुजलेला, डॉक्टरांना म्हणतात, ‘वस्तादांचा दोष नाही. माझं नशीब.’

तेव्हापासून ते पाय ओढत चालतात. पुन्हा कुस्ती नाही. आणि साऱ्या खानदेशात वस्ताद चुडामण यांचा लौकिक जसाच्या तसा, कारण पहिलवान बायकोने बिघडवला. इथल्या विहिरीवर बायका मला बघून मिठाच्या गोष्टी काढायच्या. पत्रासोबत आलेल्या तुमच्या छापील पत्रकात आबांनी ‘अनेक मल्ल घडवले’ असं वाक्य आहे ना? त्यातला एक माझ्या ओट्यावर बसून शेंगा फोडतो.

एवढ्यावर मी थांबले असते. हे जुनं झालं, आणि जुन्याशी माणूस राहायला शिकतं. पण या चैत्रात जे झालं ते जुनं व्हायला तयार नाही.

अभिमननी गावाबाहेर मारुतीपाशी आखाडा काढला आहे, हे तुला माहीत असेल. गावची तरणी पोरं येतात. मला बरं वाटलं होतं. ज्याचा पाय असा गेला तो दुसऱ्यांचे पाय जपेल, एवढीच माझी समजूत. आखाड्यात बाईमाणूस जात नाही, त्यामुळे आत काय चालतं ते मला दिसत नव्हतं. घरी तेल उकळायला लागलं तेव्हा मी समजायला हवं होतं. वास आला, मी दार लावून घेतलं.

त्या दिवशी शेतात भाकरी घेऊन चालले होते. मारुतीवरून वाट जाते. आतून ओरडणं आलं. ‘माय वं! पाय तुटना!’ आवाज पितांबरचा होता. आमच्या शेजारच्या मळ्यातला, गेल्या माघात लग्न झालेला, हसरा माणूस. भिंतीवरून पाहिलं. भर उन्हात तो मातीत पडला होता. दोन्ही पोटऱ्या वर चढलेल्या, ओठांवर पांढरा थर. खांदे दाबायला दोघं बसले होते. त्याला पालथा केला होता.

आणि अभिमन काठीवर जोर घेऊन चांगला पाय उचलत होते.

भाऊ, ती अगदी तीच टाच होती. पाय ठेवायची तीच जागा, काठी धरायची तीच तऱ्हा, ओठ तसेच घट्ट मिटलेले. आबाच उभे होते, फक्त फेटा नव्हता.

टोपली भिंतीपाशीच ठेवली. मी आत गेले. कुणीतरी ओरडलं, ‘बाई, मांगे सरक! मारुतीनं ठिकान शे!’ मी अभिमनना ढकललं. दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. त्यांचा लंगडा पाय तोल धरू शकला नाही, ते सगळ्या पोरांसमोर मातीत बसले. बसल्यावर माझ्याकडे असे बघत राहिले, जशी मी त्यांना कधी भेटलेच नव्हते.

मी पितांबरला उताणं केलं. त्याचा गुडघा एका हाताने सरळ दाबला, दुसऱ्या हाताने चवडा धरून नडगीकडे ओढला आणि तसाच धरला. तो माझं लुगडं मुठीत धरून रडत होता. ‘आईच्यान सांगते, सुटेल,’ म्हटलं. दगड हळूहळू सैल व्हायला लागला, ते तळहाताला कळतं. मग दुसरा पाय. भाकरीबरोबर शेतावर न्यायचं ताक होतं, कांद्यासाठीचं मीठ होतं. ताकात मीठ कालवून त्याला घोट घोट पाजलं. दोघा पोरांना म्हटलं, याला सावलीत न्या आणि आज याने पुन्हा बैठक मारली तर तुमची गाठ माझ्याशी आहे. ती पोरं माझं ऐकत होती आणि नजर त्यांच्या वस्तादांकडे होती.

पितांबर थोड्या वेळाने उठून बसला. तसाच चालत घरी गेला.

आता किळस कशाची ते ऐक. संध्याकाळच्या आत आखाड्यात गोमूत्र शिंपडलं. माती उकरून बदलली. मी पाय ठेवला म्हणून. त्या मातीत घाम आहे, थुंकी आहे, रक्त आहे, पोरं ओकलेली आहेत, त्याने ती बाटली नव्हती. सासूबाई अंधारल्या डोळ्यांनी दारात बसून म्हणत होत्या, ‘आखाडा बाटना, मना पोऱ्याले मातीमा पाडं.’

अभिमन घरी आले, हातपाय धुतले आणि ताटावर बसले. मी वाढत होते. माझ्या मनात एकच होतं, की आज यांना ते सांगून टाकायचं, जे मी इतकी वर्षं गिळून बसले. आजवर नाही सांगितलं कारण त्यांचा देव मोडला असता. पाय गेलेल्या माणसाला निदान देव तरी असू द्यावा असं वाटायचं.

ते तुलाही आता सांगते.

आई गोळ्यावर काय करायचं ते तिच्या माहेरून शिकून आली होती. मी शिकले ती तिच्याकडून. आणि आई ते कुणासाठी करायची? आबांसाठी. रोज सकाळी तालीम सुरू व्हायच्या आधी, मधल्या खोलीत, दार लावून. लोट्यात पाणी, मीठ, लिंबू, गुळाचा खडा. आबा उभ्यानेच पीत. तालीम अर्ध्यात आली की ‘फेटा बांधून येतो’ म्हणून आत येत आणि पुन्हा पीत. गोळा आला तर आई दार लावून त्यांचा चवडा ओढून धरायची. काठीने मारायची नाही. ते घाणेरडं तेल आबांच्या पायाला कधी लागलं नाही. तो लोटा आत नेऊन द्यायचं काम माझं असायचं. ‘बाहेर बोलशील तर जीभ कापीन’ असं आबा म्हणायचे, हसत हसत, आणि लाडाने माझा गाल ओढायचे.

त्यांना ठाऊक होतं. सुरुवातीपासून ठाऊक होतं. पोरांना तहानेने लोळवायचे, कारण जो तहान सोसतो तो मुकाट्याने सांगेल ते करतो. पांझरेच्या वाळूत टाच ठेवली तेव्हाही ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळी ते पिऊन आले असतील. आई तोवर वारली होती, तरी दुसऱ्या कुणीतरी करून दिलं असेल.

हे सगळं मी अभिमनना सांगितलं. ताटापुढे उभी राहून, एका दमात. मला वाटलं होतं ते ताट उधळतील, मला मारतील, किंवा रडतील. काहीही चाललं असतं.

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि म्हणाले, ‘बठ्ठासले माहित शे.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, सगळ्यांना?

‘वस्ताद मधली खोलीमा काय पितस, ते तालमीना बठ्ठा पोऱ्यास्नी देखेल शे. लिंबूना वास येस ना.’

‘मंग बोलनात का नही कोणी?’

त्यांनी घास खाल्ला. मग मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, ‘वस्ताद शेतस त्या. त्यास्नं येगळं.’

आणि आणखी आमटी मागितली.

वाढली मी. हाताला सवय असते.

झुलालभाऊ, आबांची किळस मी सोसू शकते. ती लहानपणापासूनची आहे, तिच्याशी ओळख आहे. पण सगळी तालीम लिंबाचा वास घेत तहानेने मेली आणि कुणाला राग आला नाही, ही किळस मला कुठे ठेवू कळत नाही. माझ्या नवऱ्याचा पाय फाडला तेव्हा त्यांच्या मनात काय होतं? आपणही एक दिवस वस्ताद होऊ आणि मग आपल्यालाही मधली खोली मिळेल, एवढंच? मी या माणसाच्या पोटरीला इतकी वर्षं एरंडेल लावून शेकते. आता हात लावताना अंगावर काटा येतो. शेकते अजून. पाय दुखतोच आहे त्यांचा.

पुढचं थोडक्यात लिहिते. दुसऱ्या दिवशी पितांबर घरी आला, उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, ‘वहिनी, ते ताक कसं करतस?’ मी त्याला ते सांगितलं, आईचं मीठ-लिंबाचं पाणीही सांगितलं. मग मारुतीच्या भिंतीबाहेर, वाटेवरच्या निंबाखाली, मी त्या पाण्याचा माठ मांडला. भिंतीबाहेर कुणाची माती बाटत नाही. पहिल्या दिवशी फक्त पितांबर बाहेर येऊन प्यायला. आता बहुतेक सगळे पितात. दुपारचा व्यायाम त्यांनी आपणहून संध्याकाळवर नेला. कुणाला गोळा आला तर एकमेकांचा चवडा ओढतात. खांदे कुणी दाबत नाही. अभिमननी माठ फोडला नाही, पोरांना अडवलंही नाही. पोरं प्यायला आली की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. त्यांना दिसलं नाही म्हणजे झालं नाही. लोक म्हणतात मी जिंकले. मला त्या पाठीकडे बघवत नाही.

तुमच्या सत्काराला ते येणार आहेत. आबांच्या पायावर डोकं ठेवणार आहेत. धोतर मी धुऊन ठेवलं आहे, फेट्याला खळ दिली आहे. मी येणार नाही, आणि चार शब्द जे बोलायचे ते वर लिहिले आहेत. तुम्हाला हवे तर सभेत वाचा. वाचणार नाही तुम्ही.

आता एक गोष्ट, जी तुला पत्र लिहायला बसले तेव्हापासून लिहायची होती आणि मी म्हैस, रेडी करत राहिले.

तुला आबांनी मल्लखांबाला बांधून मारलं तो दिवस. तू घामाने निथळत हौदावर गेलास आणि ओंजळीने पाणी प्यायलास. सगळ्या तालमीसमोर आबांनी तुला फोडलं, आणि त्याच आठवड्यात तू घर सोडून जळगावला गेलास. त्या सकाळी लोटा आत घेऊन मी गेले होते. आबांनी तो रिकामा करून माझ्या हातात दिला, मिशी पुसली, बाहेर गेले, आणि तू हौदाशी वाकलेला त्यांना दिसलास. मी लोटा हातात धरून दारात उभी होते. तुझ्या पाठीवर काठी पडत होती आणि आबांच्या मिशीत अजून लिंबाची बी अडकलेली होती. आई आतून पदर चावत होती.

तेव्हापासून मी एवढंच धरून आहे, की आपल्यात एक तरी असा निघाला ज्याला ठाऊक नव्हतं, जो सरळ तहान लागली म्हणून प्यायला आणि मार खाऊन निघून गेला. तुझं ते जाणं मला फार मोठं वाटायचं. लग्नानंतर कितीतरी वेळा मी त्याच्यावर दिवस काढले.

आणि आता तू शाल विकत घेतोस. कडं घडवतोस. ‘पूज्य वस्तादांची शिस्त’ असं तुझ्या हाताने लिहितोस.

म्हणून विचारते. तालमीतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं, असं अभिमन म्हणतात. सगळ्यांत तू होतास का? तो वास तुलाही आला होता का, भाऊ?

आला नसेल, तर सत्काराच्या आधी एकदा वडगावला ये. माझ्यासमोर बस, आपण आईबद्दल बोलू. आला असेल, तर काही लिहू नकोस. पत्र आलं नाही म्हणजे मी उत्तर समजेन, आणि पुढच्या राखीपौर्णिमेला वाट बघणार नाही.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझी म्हणायचं की नाही हे तुझ्या येण्यावर सोडलेली,
मंजुळा